बिनतारी धास्ती

पूर्वी दारात तारवाला दिसला की घरात धस्स होई. ती तारसेवा 2013 साली बंद झाली. आता तार नसल्याचीही धास्ती वाटू शकते, हे मला परवा वसुबारसेला कळले.

फराळ करता करता पुतण्या म्हणाला, "काका, पुढची गाडी विजेवरची, आणि चार्जिंग बिनतारी!"

आईने हातातली करंजी बशीत ठेवली. तिच्या छातीत पेसमेकर आहे. "तू गाडी खाली उभी करणार, आणि मी वर जायचं का रे?" तिने हसतच विचारले, पण हसले कोणीच नाही.

मी मराठीचा मास्तर. माझी विद्युत्‌विद्या फ्यूज बसवण्यापुरती. पुतण्या मात्र इंजिनियर. त्याने दोन बशा घेतल्या. एक टेबलावर ठेवली, दुसरी वीतभर वर धरली. दोहोंत तारेची वेटोळी आहेत असे समजायचे. खालच्या वेटोळ्यात सेकंदाला सुमारे 85 हजार आवर्तने घेणारी वीज खेळते, भोवती चुंबकीय क्षेत्र उठते आणि गाडीच्या पोटाशी बसवलेल्या वेटोळ्यात वीज जागी होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात 2013 सालीच त्यावर बसगाड्या धावल्या.

"ते सगळं खरं, पण माझं काय?" आई म्हणाली.

हे क्षेत्र क्ष-किरणांच्या जातीचे नव्हे. पण फार तीव्र झाले तर शरीरात वीजप्रवाह उठवते. म्हणून 2010 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने सर्वसामान्यांसाठी 27 मायक्रोटेस्लाची मर्यादा सुचवली आहे. पेसमेकरचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. क्षेत्र सर्वांत प्रखर असते ते दोन बशांच्या मधल्या फटीत. अंतर वाढले की ते झपाट्याने ओसरते. त्या फटीत नाणे पडले तर तापते, एखादे मांजरही उबेला येऊन बसायचे. म्हणून खाली काही आले की यंत्राने आपण होऊन थांबावे, अशी योजना करतात.

"म्हणजे मांजराचीसुद्धा चौकशी होते. मला मात्र कोणी विचारलं नाही!"

पुतण्या खजील झाला. पेसमेकरचे कार्ड घेऊन आधी डॉक्टरांकडे जायचे, गाडीच्या दुकानात नंतर, असे ठरले.

"आणि डॉक्टर नको म्हणाले तर?"

"तर तार आहेच की, आजी!"

आईने करंजी पुन्हा उचलली. 'तार' हा शब्द ऐकून आमच्या घरात हायसे वाटल्याचा हा पहिलाच प्रसंग.