आमच्या अंगणातले आकाश

मे महिन्याच्या सुट्टीत मुळशी खोऱ्यातल्या आमच्या गावी गेले की रात्री अंगणात निजायचे, हा जुना परिपाठ. लहानपणी आजी उत्तरेकडे बोट करून सांगे, "ती बघ म्हातारीची बाज, अन् ते तीन चोर!" ते सप्तर्षी, हे पुढे शाळेत कळले.

आजीच्या बोटाचेच काम युरोपीय अवकाश संस्थेच्या 'गाया' दुर्बिणीने केले, फार मोठ्या प्रमाणावर. १९ डिसेंबर २०१३ रोजी ती अवकाशात गेली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून जानेवारी २०२५ पर्यंत आपल्या आकाशगंगेतले तारे मोजत राहिली. नाकासमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला, तर बोट सरकल्यासारखे वाटते. तसेच, सूर्याभोवतीच्या फेरीत दोन बाजूंनी पाहिले की जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो. त्यावरून त्याचे अंतर काढतात. २०२२ साली सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी जाहीर झाल्या. त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही!

पण मित्रहो, नकाशा मिळाला आणि आकाश हरवले, असे होऊ लागले आहे. गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाने विचारले, "ताई, आकाशगंगा कुठाय गं?" मध्यरात्रीच्या सुमारास ती पूर्वेकडून वर येते; पण पूर्वेला पुण्याचा उजेड आणि तलावाकाठी विश्रामगृहांचे आभाळाकडे तोंड केलेले दिवे. मला ती दाखवता आली नाही.

१९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झाले, गावे बुडाली, वीज मुंबईला गेली. तेव्हा जमीन गेली. आता काळोखही चालला आहे, आणि त्याबद्दल कोणी ब्रही काढत नाही.

दिवे नकोत, असे मी म्हणत नाही. रात्री वाटेने येणाऱ्या बाईमाणसाला दिवा हवाच. पण तो वाटेवर पडावा. दिव्याला वरून झाकण घालावे, शोभेचे दिवे दहानंतर मालवावेत. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर एवढे सहज होईल.

'गाया'ला आमच्या दिव्यांची बाधा नव्हती. ती अवकाशात होती. आम्ही मात्र अंगणात आहोत.