सायंकाळचें पान

सकाळच्या स्वयंपाकास घड्याळाची ताकीद असते. शाळा, कचेरी, बँक, देवपूजा या सर्वांच्या वेळा ठरलेल्या असल्यामुळें घरांतील प्रत्येकजण आपापल्या परीनें त्यास हातभार लावतो, आणि तो कसाबसा कां होईना, वेळेवर उरकतो. सायंकाळच्या स्वयंपाकाची गोष्ट निराळी आहे. तो दिवसाच्या उरलेल्या शक्तीवर उभा असतो, आणि ती शक्ति बहुधा एकाच व्यक्तीची असते. “संध्याकाळीं झटपट होईल असें कांहीं सुचवा” अशी सूचना आमच्या वाचक भगिनींकडून वारंवार येते, म्हणून या मासीं संस्कृत सुभाषितांचा विषय बाजूस ठेवून आम्हीं पाकगृहांत पाऊल टाकण्याचें धाडस करीत आहों.

आमच्या जामनेरासारख्या तालुक्याच्या गांवीं ही अडचण विशेष जाणवते. घरची सून जळगांवास नोकरीवर जाते, सायंकाळची एस. टी. पकडून परतते, आणि पदर खोचून थेट ओट्यापाशीं उभी राहते. पाचोऱ्याहून येणारी आमची छोटी आगगाडी सुमारें शंभर वर्षें या भागाची सोबतीण होती. शेंदुर्णी, पहूर करीत ती छप्पन्न किलोमीटरांचा प्रवास इतक्या निवांतपणें करी कीं, घरच्या मंडळींस चूल पेटविण्यास अवधि भरपूर मिळे. २०२० सालीं ती बंद पडली. आतांच्या बसगाडीस तेवढी दया नाहीं.

सोपा पदार्थ कोणता, याची व्याख्या प्रथम केली पाहिजे. ज्यास साहित्य थोडें लागतें तो सोपा, असें कोणी म्हणतात. जो वीस मिनिटांत होतो तो सोपा, असें दुसरे म्हणतात. आमच्या मतें जो पदार्थ एकदां ओट्यावरून खालीं उतरला म्हणजे करणारीसही सर्वांबरोबर पानावर बसतां येतें, तोच खरा सोपा. गरम पोळ्यांचें जेवण या कसोटीस उतरत नाहीं. त्यांत पीठ मळण्यापासून सर्व सिद्धता झाली तरी एक जीव अखेरपर्यंत तव्यापाशीं अडकलेला असतो, आणि दहा माणसांच्या घरीं तो अडकलेला जीव जेवावयास बसतो तेव्हां भाजीचें पातेलें तळास गेलेलें असतें. दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर, पोळी, भात हा थाट सकाळीं शोभतो. सायंकाळीं एक मुख्य पदार्थ आणि त्यास एक जोड, एवढेंच ठेवावें.

या कसोटीनें पाहतां खानदेशी खिचडीस पहिला मान देणें प्राप्त आहे. पुण्यामुंबईकडील मंडळींस खिचडी म्हटली कीं मुगाची डाळ आणि आजाऱ्याची खाट आठवते. आमच्याकडे खिचडी तुरीच्या डाळीची असते, आणि धडधाकट माणसें ती आवडीनें खातात. दहा माणसांस सहाशें ग्रॅम तांदूळ व तीनशें ग्रॅम तुरीची डाळ पुरे होते. घरीं परततांच हातपाय धुण्यापूर्वी डाळ भिजत टाकावी. अर्धा तास ती भिजली म्हणजे तांदुळाबरोबर नीट शिजते, एरवीं भात मोडून जातो आणि डाळ दाताखालीं करकरते. मग तेलावर मोहरी, जिरें, हिंग, हळद, चार पांच हिरव्या मिरच्या आणि मूठभर शेंगदाणे टाकून फोडणी करावी, तींत निथळलेले डाळतांदूळ दोन मिनिटें परतावे, व धान्याच्या मापाच्या अडीचपट आधणाचें पाणी आणि मीठ घालावें. कुकरच्या तीन शिट्ट्यांत काम होतें. दात नसलेलीं वडील माणसें घरांत असल्यास पाणी साडेतीनपट ठेवावें; तेवढ्यासाठीं निराळा भात लावण्याचें कारण नाहीं.

या खिचडीचा प्राण मात्र वरच्या तेलांत आहे. लहानशा कढईंत शेंगदाण्याचें तेल तापवून त्यांत ठेंचलेला लसूण तांबूस होईपर्यंत तळावा, आंच बंद करावी, आणि नंतरच लाल मिरचीचे तुकडे टाकावे. आधीं टाकले तर ते काळे पडतात आणि घरभर ठसका उठतो. हें तेल वाटींत काढून पंक्तींत फिरवावें, ज्यानें त्यानें आपल्या बेतानें घ्यावें. ज्यांच्या घरीं लसूण वर्ज्य असेल त्यांनीं हिंग-जिऱ्याचें करावें. तांदुळाच्या प्रथिनांत जो अंश उणा असतो तो डाळींत मुबलक असतो, आणि डाळींत जो उणा तो तांदुळांत सांपडतो. म्हणून आहारशास्त्रज्ञ या जोडीची प्रशंसा करतात. आमच्या आज्यांनीं ती कारण न विचारतां केली.

खिचडीची जोड कढी. अर्धा लिटर आंबट दह्यांत चार चमचे बेसन कोरडेपणींच चांगलें घोटावें, मग दीड लिटर पाणी घालावें, आणि उकळी फुटेपर्यंत पळी थांबवूं नये. बेसनामुळें दह्याचें प्रथिन एकदम गोळा होत नाहीं. पळी थांबली किंवा आंच एकाएकी मोठी झाली तर तें फुटतें, व मग त्या कढीस कोणताच उपाय चालत नाहीं. पळी फिरविण्याचें हें काम घरांतील दहा बारा वर्षांच्या मुलाकडे निःशंकपणें द्यावें. पाढे म्हणावयास ती वेळ फार चांगली असते.

ज्या दिवशीं भाताचा कंटाळा आला असेल त्या दिवशीं फुनके करावेत. हा पदार्थ खानदेशाबाहेर फारसा ठाऊक नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें, कारण इतका कमी श्रमाचा आणि इतका पौष्टिक दुसरा पदार्थ आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. दहा माणसांस अर्धा किलो तुरीची डाळ घ्यावी, आणि दुपारीं घरीं असणाऱ्या कोणीही ती भिजत घालावी. चार तास पुरेत. सायंकाळीं पाणी पूर्ण निथळून डाळ मिरची, लसूण व जिऱ्यासह भरड वाटावी. भरड हा शब्द ध्यानांत ठेवावा. गंधासारखी वाटली तर फुनके दगडासारखे होतात, आणि वाटतांना पाणी घातलें तर मुटका वळत नाहीं. तींत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हळद, मीठ मिसळून मुठींत मावतील असे लांबट मुटके वळावेत व मोदकपात्रांत वीस मिनिटें वाफवावेत. सुरी टोंचून ती स्वच्छ बाहेर आली म्हणजे झालें. पानांत दोन तीन फुनके कुस्करून वर कढत कढी ओतावी आणि कच्च्या तेलाची धार सोडावी. वीस मिनिटें वाफ धरते तों कढी होते, पानें मांडून होतात, आणि करणारीस दोन घटका बसावयासही मिळतें. वृद्धांनीं मात्र रात्रीं बेतानेंच खावे, डाळ पचावयास जड असते.

भरिताविषयीं लिहिलें नाहीं तर आमचे शेजारी आमच्याशीं बोलणार नाहींत. जळगांव जिल्ह्याच्या भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, केळ्यासही त्याच वर्षीं मिळालें. पण बामणोद आणि आसोद्याच्या वांग्यांची कीर्ति त्याच्या पुष्कळ आधींची आहे. मोठें, फिकट हिरवें, थोड्या बियांचें हें वांगें शेतांत तुराट्यांवर किंवा पऱ्हाट्यांवर भाजतात, तेव्हां त्यास जो धुराचा वास लागतो तो ग्यासच्या ज्योतीस साधत नाहीं हें खरें. तथापि वांग्यास तेलाचा हात लावून, चार ठिकाणीं टोंचून, मंद ज्योतीवर फिरवीत भाजलें तर घरचें भरीतही नांव ठेवण्याजोगें होत नाहीं. टोंचणें विसरूं नये, नाहींतर वांगें फुटून ओटा रंगतो. साल काढून तें हिरव्या मिरच्या व लसणीसह लांकडी बडगींत ठेंचावें; यंत्रांत फिरवूं नये, त्याचें लुकण होतें. वर कांद्याची पात, दाणे आणि तेल. दहा माणसांस दोन किलो वांगीं लागतात. चातुर्मासांत कांदा, लसूण, वांगें न खाणारीं घरें अद्याप पुष्कळ आहेत. त्यांचा चंपाषष्ठीचा नैवेद्य झाला म्हणजे हा बेत करावा, थंडीही तेव्हां पडलेली असते.

भरितास कळण्याची भाकरी हवी. चार भाग दादर ज्वारी आणि एक भाग सालासकट उडीद, किंचित् मीठ, एकत्र दळून आणलेलें पीठ म्हणजे कळणा. आतां येथें आमच्याच कसोटीस बाध येतो, कारण भाकरीही तव्यावरचीच आहे. परंतु भाकरी गरमच पाहिजे असा हट्ट कळण्यास नाहीं. सर्व भाकरी आधीं करून फडक्यांत गुंडाळून ठेवल्या तरी त्या रुचकर लागतात. शिवाय भाकरी थापणें पुरुषाच्या हातास अशक्य आहे असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. विराटाच्या मुदपाकखान्यांत बल्लव नांवानें राबणारा भीम होता, आणि उत्तम स्वयंपाकास आपण अजून नलपाक म्हणतों तो नल राजा होता.

अवचित पाहुणा आल्यास शेवेची भाजी. कांदा, खोबरें, खसखस भाजून वाटलेला मसाला डब्यांत तयार असेल तर पंधरा मिनिटांचें काम. जाड तिखट शेव रश्श्यांत वाढतेवेळींच घालावी, आधीं नको. याहून तिजविषयीं अधिक लिहीत नाहीं, कारण ती रोज खाण्याची वस्तु नव्हे.

हें सर्व आम्हीं ज्यासाठीं लिहिलें तें आतां स्पष्टच सांगतों. २०१९ ते २१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकूणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन उणें आढळलें; आमच्या महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा ५४ होतें. त्याचीं कारणें पुष्कळ आहेत, आणि ती सारी उपाशी घरांतलीं आहेत असें समजून कोणी आपली सुटका करून घेऊं नये. डाळीचें पातेलें खरवडून जी जेवते तिच्या पानांत डाळ किती पडते, हा हिशेब चांगल्या सुशिक्षित घरांतही कोणी करीत नाहीं.

कांहीं वडील मंडळी म्हणतील, सुनेनें शेवटीं जेवावें ही परंपरा आहे. परंपरेचा आधार घेणारांनीं मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. त्यांतील ११४ व्या श्लोकांत सुवासिनी, कुमारी, रोगी आणि गर्भिणी यांस अतिथींच्याही आधीं, मनांत किंतु न आणतां, जेवूं घालावें असें सांगितलें आहे. सुवासिनी म्हणजे नवविवाहित सुना व लेकी, असा अर्थ टीकाकार करतात. पुढें ११६ व्या श्लोकांत सर्वांचें झाल्यावर उरलेलें अन्न कोणीं खावें तें सांगितलें आहे, आणि तेथील शब्द ‘दंपती’ असा आहे, द्विवचनी. शेवटीं जेवावयाचें तर यजमानानेंही तिच्याबरोबर थांबावें. ज्या ग्रंथांत स्त्रियांविषयीं अनेक वचनें आम्हांस मान्य होण्यासारखीं नाहींत, त्यांतसुद्धां हें असें आहे. यजमान पहिल्या पंक्तीस आणि त्याची पत्नी तिसऱ्या, ही चाल आमची आम्हींच पाडली. ती कोणत्या श्लोकांतून आली हें आम्हांस चाळीस वर्षांच्या अध्यापनांत कोणी दाखविलेलें नाहीं.

तेव्हां खिचडीचें पातेलें, कढीचें पातेलें, तेलाची वाटी आणि लिंबाच्या फोडी मध्यें ठेवाव्या व सर्वांनीं एकदम बसावें. वाढण्याची पाळी दर दिवशीं बदलावी, सासऱ्यांचीही लावावी. कोणी बसनें उशिरां येणार असेल तर तिचें पान पहिल्यानें वाढून झांकून ठेवावें. उरेल तें ठेवूं, असें म्हणूं नये. लिंबाची फोड केवळ शोभेची नव्हे. डाळ, ज्वारी, पालेभाजी यांतील लोह शरीरांत शिरण्यास लिंबाची मदत होते, आणि चहाची अडचण होते. म्हणून जेवणानंतर लगेच चहा घेण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं एक तास तरी धीर धरावा. मुलींच्या बाबतींत तर हें कटाक्षानें पाळावें.

आणखी एक सूचना, उरलेल्या खिचडीविषयीं. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर उघडा ठेवल्यास त्यांत विषारी जंतु वाढतात, आणि त्यांनीं सोडलेलें विष पुन्हां तापविल्यानें जात नाहीं. यासाठीं जेवण होतांच उरलेली खिचडी पसरट ताटांत निववून तासाभराच्या आंत शीतकपाटांत ठेवावी. दुसऱ्या दिवशीं तींत ज्वारीचें पीठ, ओवा व कोथिंबीर मळून थालीपिठें लावावीत. पीठ सैल वाटलें तर मूठभर बेसन घालावें, आणि तव्यावर झांकण ठेवावें.