'फॅमिली-रन' म्हणजे राबतं कोण?

आयर्लंडला मास्टर्स करायला गेलेलं एक तरी जण तुमच्या ओळखीत असेलच. काही महिन्यांत त्याच्या स्टेटसवर तो फोटो येतो. राखाडी समुद्र, बंदरात रंगीत बोटी आणि दारावर कुणाचं तरी आडनाव रंगवलेला पब. खाली कॅप्शन : 'फॅमिली-रन, सो क्यूट!' मला या 'क्यूट'बद्दल बोलायचंय.

वेक्सफर्ड काउंटीतलं 'किलमोर की' घ्या. 'की' म्हणजे धक्का. गवताने शाकारलेली घरं, अजून चालू असलेलं मासेमारी बंदर, समोर सॉल्टी बेटं. वसंतात बेटांवर पफिन पक्षी येतात, त्यांच्यामागे पर्यटक. उन्हाळा सरता सरता दोघंही निघून जातात.

अशा गावांत खाली पब, मागे किचन आणि वर भाड्याच्या खोल्या हे सगळं एकच घर चालवतं, ते हौस म्हणून नाही. नोव्हेंबरच्या पावसात खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा गावातली चार माणसं पबमध्ये येऊन बसतात म्हणून दिवा लागतो. आणि जुलैत खोल्या भरतात म्हणून नोव्हेंबर निभतो. एक पाय काढला की स्टूल आडवं!

जेवायला दूध-क्रीममधलं माशांचं दाट चाउडर, सोबत सोडा घालून भाजलेला तपकिरी ब्रेड. गंमत बघा, चहूबाजूंनी समुद्र असूनही या देशात मासे म्हणजे कित्येक पिढ्या शुक्रवारचा उपास होता, कारण त्या दिवशी मटण चालायचं नाही. आजही 'डब्लिन बे प्रॉन्स'चा मोठा वाटा स्पेन-इटलीकडे जातो. तीच कोळंबी धक्क्यावर उतरल्या उतरल्या गावातच शिजवून वाढणारी ही किचन्स मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात.

पण घड्याळ बघा. सोमवार ते गुरुवार पबची वेळ रात्री साडेअकरापर्यंत, वर ग्लास संपवायला अर्धा तास. मग झाडलोट, हिशेब. आणि सकाळी वरच्या पाहुण्यांना सॉसेज, अंडी, ब्लॅक पुडिंगचा भरगच्च नाश्ता हवा. झोपायचं कधी? हॉटेलात शिफ्ट बदलते. इथे आई झोपली की मुलगी उठते. मुलीचा पगार कुठे लिहिलेला असतो, विचारा.

म्हणून ती मुलगी डब्लिनला किंवा थेट ऑस्ट्रेलियाला गेली, तर तिला 'परंपरा मोडली' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. 22 व्या वर्षी तुम्ही थांबला असता?

मला खटकतं ते वेगळंच. आयर्लंडमध्ये नवीन पब काढायचा तर साधारणपणे आधीचं एखादं लायसन्स विकत घेऊन रद्द करावं लागतं. 2000 च्या कायद्याने ते देशात कुठूनही आणायला मोकळीक दिली. म्हणजे किनाऱ्यावरच्या गावातला पब बंद होतो, त्याचं लायसन्स विकलं जातं आणि शहरातल्या सुपरमार्केटमध्ये दारूचा कोपरा उघडतो. 2005 पासून देशात दोन हजारांहून जास्त पब बंद झालेत. सगळे याच कारणाने नाही, हे खरं. पण थकलेल्या कुटुंबाला पब चालवण्यापेक्षा त्याचा कागद विकणं परवडत असेल, तर दोष पोरांचा कसा? लायसन्स बाहेर जाण्याआधी ते घ्यायचा पहिला हक्क गावाला मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. गावाने मिळून चालवावा, नाहीतर पगारी माणूस ठेवावा.

आणि तुम्ही गेलात कधी तिकडे, तर फेब्रुवारीत जा. नुसती कॉफी घेऊन फोटो काढू नका. राहा, जेवा. किचनमध्ये भांडी कोण घासतंय तेही बघा. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. आपल्यापैकीच कुणी तरी असेल.