सभेची वेळ कोणाच्या सोयीची?



आपल्या बहुतेक शाखांच्या कार्यकारिणीची बैठक संध्याकाळी साडेसहा-सातला भरते. ड्युटी सुटते, चहा होतो, मंडळी जमतात. नऊला संपली तर लवकर संपली म्हणायचे. त्या वेळेला आपल्या महिला सभासद कोठे असतात, ते सर्वांना ठाऊक आहे. तरीही अधिवेशनाच्या अहवालात 'महिलांचा सहभाग अपेक्षेइतका नाही' हे वाक्य न चुकता येते. ज्याच्या घरी कुकर दुसरे कोणी तरी लावते, त्यानेच ते लिहिलेले असते.

युनियनचे काम बिनपगारी. त्याला लागणारा वेळ साहेब देत नाही, तो घरातून काढला जातो. इटारसी, खरगपूर, सिकंदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना तर आजी-आत्याचाही आधार नसतो. कार्यकर्ता दौऱ्यावर गेला की सारे एकटीवर पडते. ८ ते २७ मे १९७४ या काळातला रेल्वे संप आठवावा. पुरुष तुरुंगात किंवा भूमिगत होते, तेव्हा रेल्वे वसाहतींत पोलिसांना आणि क्वार्टर खाली करण्याच्या धमक्यांना तोंड दिले ते बायकांनी. संपाच्या इतिहासात त्यांची नावे फारशी सापडत नाहीत.

घर आणि चळवळ यांची सांगड कशी घालावी, हे शिकायला आम्हांला लांब जावे लागत नाही. मृणालताई गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून चळवळीत आल्या. १९५८ साली पती केशव गोरे गेले, तेव्हा मुलगी लहान होती. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि गोरेगावच्या नळाचा प्रश्न असा लावून धरला, की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, तीत मृणालताई आणि प्रमिलाताई दंडवते समाजवादी, तर अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी. (पक्षभेद विसरून एका टेबलाशी बसणे पुरुष पुढाऱ्यांना इतके सहज जमल्याचे आमच्या पाहण्यात नाही.)

या बायांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. मागण्या स्वयंपाकघरातल्याच: तेल, रॉकेल, साखर. हत्यारही तेथलेच, लाटणे. शिवाय ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवण्याचा कार्यक्रम त्यांनी दिला. जिला उंबरठा ओलांडता येत नव्हता, तीही आंदोलनात आली. बाईने आधी घर आवरावे आणि मग चळवळीत यावे, अशी अट त्यांनी घातली नाही.

आपल्याकडे नियम काही प्रमाणात सुधारले. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ पासून केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पण ती हक्क म्हणून मागता येत नाही, मंजुरी लागते, आणि 'स्टाफ कमी आहे' हे कारण तयारच असते. ग्रामीण डाक सेविकांना ती लागूच नाही. हे दोन्ही प्रश्न मागणीपत्रात शेवटच्या पानावर असतात, ते पहिल्या पानावर आले पाहिजेत. आणि पुरुष सभासदांना मूल झाल्यावर जी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, ती घेऊन किती जण खरोखर घरी थांबतात आणि किती जण तेवढ्यात युनियनची थकलेली कामे उरकतात, हेही एकदा शाखेत विचारावे. घरी थांबणाऱ्याची कोणी थट्टा केली, तर पदाधिकाऱ्यांनी तेथेच टोकावे.

बैठक दुपारी जेवणाच्या सुट्टीत घेतली तर रनिंग स्टाफ येणार नाही, असा आक्षेप येईल. पण रनिंग स्टाफ संध्याकाळी तरी कोठे येतो? त्याच्यासाठी आपण लॉबीत जातो, गाडी लागेपर्यंत थांबतो, पहाटे तीनलाही गाठतो. आर.एम.एस.च्या रात्रपाळीचेही तसेच. त्यांचा सहभाग कमी आहे, असे अहवालात कोणी लिहीत नाही. त्यांची ड्युटीच तशी आहे, असे आपण म्हणतो. बुकिंग ऑफिसातल्या आणि पोस्टाच्या काउंटरवरच्या भगिनींची संध्याकाळची ड्युटी घरी असते. त्यांना गाठायलाही शाखा सचिवांनी तेवढेच चालत जावे.