यंत्राची नजर आणि वाटाण्याचा अंकुर

दांडिया बाजाराकडून जाता-येता कलाभवनाची वास्तू आपल्या दृष्टीस पडते. दृष्टीस पडते इतकेच, आपण ती पाहत नाही. नित्याच्या वहिवाटीतली वस्तू पाहण्याचे कष्ट डोळा घेत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक तरुण चित्रकला आणि छायाचित्रण शिकला. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मुळे ते सर्वतोमुखी झाले. मला मात्र त्याआधीचा, १९१२ मधला त्यांचा एक इवलासा चित्रपट अधिक मोलाचा वाटतो.

कुंडीत वाटाणा पेरून, समोर कॅमेरा रोवून, फाळक्यांनी महिनाभर ठरावीक अंतराने त्याचे एकेक चित्र टिपले. रोज एकच चित्र घेतले असे सांगण्याचा प्रघात आहे, पण हिशेब करून पाहावा (मास्तरकीची खोड!). मूकपटांच्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारणतः सोळा चित्रे सरकत. तीस दिवसांची तीस चित्रे दोन सेकंदांत संपतील. तेव्हा दिवसातून अनेकदा ते कॅमेऱ्यापाशी हजर राहत असणार. त्या कॅमेऱ्यास मोटर नव्हती, हाताने फिरवायचा दांडा होता. यंत्राला करता येण्याजोगे काम एका माणसाच्या चिकाटीने केले. डोळ्यांदेखत वाढणारे रोपटे पाहून भांडवलदारांचा विश्वास बसला.

मोटर आली आणि हात दूर झाला. कॅनडातील चित्रकार मायकेल स्नो यांनी क्विबेकच्या उत्तरेस एका निर्जन डोंगरावर कॅमेरा असा बसविला की तो यंत्राच्या बळावर चोहीकडे, वर-खाली, उलटासुलटा फिरत राहावा. माणसे दृष्टिआड राहिली. १९७१ चा हा चित्रपट तीन तासांचा आहे. तो सलग पाहणे म्हणजे तपश्चर्याच. पण आकाश खाली आणि खडक वर झाले, की 'जागा' म्हणून आपण जे गृहीत धरतो ते आपल्या दोन पायांवर उभे राहण्याचे फळ आहे, हे ध्यानी येते.

आपल्या मराठी घरांना याचे काय? आपण बडोदे पाहतो ते बहुधा आजोबांच्या आठवणींतून. मांडवीपाशी उभे राहिलो तरी डोळा जुन्या खुणाच वेचतो; विजेच्या तारा, नव्या पाट्या, हातगाडीवाला त्यातून आपसूक गळतात. यंत्राला आजोबा नाहीत. ते पारव्याला आणि पाटीला सारखाच न्याय देईल. अर्थात यंत्र कोठे ठेवायचे, हे माणसानेच ठरवायचे. फाळक्यांनीही सबंध सृष्टीतून एक वाटाणाच निवडला होता.

हल्ली मुलांच्या हातातील फोनमध्ये ठरावीक अंतराने चित्रे टिपण्याची सोय असते. सुट्टीत एखाद्याने तो सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत सुरसागराच्या काठी, नाहीतर आपल्याच घराच्या ओट्यावर, स्थिर ठेवून पाहावा. जागा निवडताना मात्र घरातील वडीलधाऱ्यांना विचारू नये.