जुन्या स्पोर्ट्स कारचं ॲव्हरेज आणि आपला 'इंधन बचत' निबंध



'इंधन बचत : काळाची गरज' हा निबंध शिकवला नाही असा शिक्षक शोधूनही सापडणार नाही. सुरुवातीला 'आजच्या विज्ञानयुगात', मध्ये 'खनिज तेलाचे साठे मर्यादित आहेत' आणि शेवटी 'थेंबे थेंबे तळे साचे'. पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पीसीआरए, ही संस्था १९७८ पासून इंधन बचतीचा प्रचार करते आहे. तिच्या स्पर्धांसाठी मुलं चित्रं काढतात, निबंध लिहितात, बक्षिसंही मिळवतात. चांगलीच गोष्ट आहे.

पण शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहून बघा. निबंधात दहापैकी नऊ गुण मिळवलेलं मूल ज्या गाडीत बसतं, तिचं इंजिन पंधरा मिनिटांपासून सुरूच असतं. एसी लागतो ना! निबंध वहीत राहिला आणि धूर रस्त्यावर.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. एक वर्ष हा निबंध पाठ करून घेणं थांबवू या. त्याऐवजी मुलांच्या हातात पेट्रोलची डायरी देऊ या. निबंध त्यानंतर लिहू दे, स्वतःच्या आकड्यांवरून.

उदाहरण स्पोर्ट्स कारचं का?

कारण मुलांचे डोळे तिथे चमकतात. डी.एड.ला आपण 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र घोकलं आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या काकांकडे जुनी सॅन स्टॉर्म आहे, म्हणून तीच वर्गात चर्चेला आली. ही दोन माणसांची, छत उघडणारी गाडी १९९८ च्या सुमारास आपल्या शेजारच्या गोव्यात बनू लागली. बॉडी फायबरग्लासची, आणि इंजिन रेनॉ कंपनीचं, ११४९ सीसी, साधारण ६० अश्वशक्तीचं. फ्रान्समध्ये ट्विंगो आणि क्लिओ या साध्या घरगुती गाड्यांना हेच इंजिन बसवत असत. म्हणजे दिसायला रेसची गाडी, पोटात मात्र बाजारहाट करणारं इंजिन.

घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. त्या रस्त्यावरून साठ घोड्यांची ताकद असलेली गाडी निघते आणि मानपाड्याच्या पुढे गर्दीत बैलगाडीच्या वेगाने सरकते. अश्वशक्ती म्हणजे काय आणि ती कधी वाया जाते, हे यापेक्षा सोपं करून कोण सांगेल?

'ॲव्हरेज' या शब्दातच एक धडा आहे

'गाडी ॲव्हरेज किती देते?' असं आपण सगळेच विचारतो. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. पण सरासरी काढायची कशी, हे विचारलं की मोठी माणसंही अडखळतात. वर्गात हे गणित घालून बघा.

एक गाडी जाताना ५६ किलोमीटर गेली, कोंडी होती म्हणून लिटरला ८ किलोमीटर पडले. येताना रस्ता मोकळा होता, त्याच ५६ किलोमीटरला लिटरमागे १४ किलोमीटर पडले. ॲव्हरेज किती?

सगळा वर्ग ओरडतो, अकरा! ८ आणि १४ ची बेरीज २२, भागिले दोन. आता पेट्रोल मोजा. जाताना ७ लिटर, येताना ४ लिटर, एकूण ११ लिटर. अंतर ११२ किलोमीटर. ११२ भागिले ११ म्हणजे १०.१८. अकरा नाहीच! कोंडीत जळालेलं पेट्रोल जास्त, म्हणून त्याचं वजनही उत्तरात जास्त. हे मुलांना एकदा कळलं की 'एकदा लाँग ड्राइव्हला नेली की ॲव्हरेज भरून निघतं' असं घरी कोणी म्हणालं, तर ती मान हलवणार नाहीत.

डायरीची पद्धत सोपी आहे. पंपावर टाकी फुल करायची, आपोआप नळी बंद होते तिथे थांबायचं. मीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच फुल करायची आणि किती लिटर भरलं ते लिहायचं. समजा मीटर ४१,२५० वरून ४१,५८६ वर गेला आणि २८ लिटर बसलं. ३३६ भागिले २८, म्हणजे १२. पाचवीच्या मुलाला हा भागाकार येतो. एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, चार-पाच नोंदी झाल्यावरच बोलायचं. विज्ञानाची शिस्त ती हीच.

देखभाल म्हणजे पॉलिश नव्हे

जुन्या गाडीचे शौकीन बॉनेट चमकवतात. पण ॲव्हरेज जातं ते न दिसणाऱ्या गोष्टींतून. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी ओढायला जोर जास्त लागतो. स्पार्क प्लग झिजले की पेट्रोल नीट पेटत नाही. ब्रेक थोडा धरून राहिला तर इंजिन दिवसभर त्याच्याशीच भांडत बसतं. आणि आपल्या रस्त्यावर गेली काही वर्षं मेट्रोचं काम, गायमुख घाटातले ट्रक, वर उडणारी धूळ! इथे एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच बघावा लागतो.

अजून एक गैरसमज. गाडी कमी चालते, मग सर्व्हिसिंग कशाला? उलट आहे. कमी चालणाऱ्या गाडीचं इंजिन पूर्ण तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि थोडं पेट्रोल साठत जातं. म्हणून ऑइल किलोमीटर पाहून तसंच कॅलेंडर पाहूनही बदलायचं असतं. सॅन स्टॉर्मच्या इंजिनात टायमिंग बेल्ट रबराचा आहे. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. तो तुटला की दुरुस्तीचा खर्च कुठवर जाईल सांगता येत नाही.

दर रविवारी पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून 'बॅटरी चार्ज केली' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्याने बॅटरीला फारसं काही मिळत नाही, पेट्रोल मात्र जातं. त्यापेक्षा पहाटे रस्ता रिकामा असताना अर्धा तास चालवून आणावी. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन कधीच चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतलं तरी चालेल.

मुलांना करायला एक छान शोधही आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. घरी जाऊन प्रत्येकाने आपापल्या गाडीचा, स्कूटीचा आकडा लिहून आणायचा आणि टायरचं वय काढायचं. पालकांना त्या संध्याकाळी बरंच काही कळेल.

ई२० बद्दल भांडण्याआधी भागाकार

सध्या ॲव्हरेज पडलं की सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर जातो. दुसरी बाजू म्हणते, काहीच फरक पडत नाही. मुलांना दोन्ही बाजू ऐकवा आणि आकडे द्या. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. आता ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल मिसळा : २५.६ अधिक ४.२, म्हणजे २९.८. सुमारे सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटीचाच अंदाज आहे.

म्हणजे १४ चं ॲव्हरेज १३ झालं तर इथेनॉलचं नाव घ्या. १४ चं ९ झालं असेल तर आधी टायर, प्लग, फिल्टर आणि स्वतःचा उजवा पाय तपासा. जुन्या गाडीत मात्र खरी काळजी रबराची. पेट्रोलच्या नळ्या आणि सील इथेनॉलसाठी बनवलेले नसतील तर ते फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नये. गाडीत पेट्रोलचा वास आला तर मेकॅनिककडे लगेच. तिथे थांबायचं नाही.

'हे श्रीमंतांचं खूळ आहे'

एका सहकारी बाईंनी मला हेच ऐकवलं. आमच्या मुलांच्या घरी सायकल आहे, स्पोर्ट्स कार कुठली? बरोबर आहे. म्हणून कार फक्त गोष्टीपुरती. डायरी आईच्या स्कूटीची करा. रिक्षावाल्या काकांना विचारा, त्यांचं ॲव्हरेज किलोमीटर प्रति किलो असतं, कारण सीएनजी किलोने मिळतो. लिटर आणि किलो यांतला फरक तिथेच शिकवून होतो. आणि हे मुलग्यांचंच काम असं समजू नका. माझ्या वर्गात सर्वांत नेटकी डायरी मुलींच्याच आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इंधन वाचवायचं तर गाडीच नको, बसने जा. हेही मुलांनाच मोजू द्या. समजा दोन सीटची कार लिटरला १२ किलोमीटर जाते. दोघं बसले तर प्रत्येक लिटरमागे २४ प्रवासी-किलोमीटर. समजा बस लिटरला ४ च किलोमीटर जाते, पण आत ४० माणसं आहेत. १६० प्रवासी-किलोमीटर! कितीही उत्तम देखभाल केली तरी कार इथे हरते. हे लपवायचं कारण नाही. जुनी गाडी जपणं हा छंद आहे, तो नीट जपावा. रोज शाळेत सोडायला बस, व्हॅन किंवा पाय हेच बरे.

शेवटचं गणित फाटकाबाहेरचं

छोटं पेट्रोल इंजिन जागेवर चालू असताना मिनिटाला साधारण १० मिलिलिटर पेट्रोल पितं असं धरू. एसी लावला की जास्तच. फाटकाबाहेर २० गाड्या, प्रत्येकी १० मिनिटं. २०० मिनिटं, म्हणजे २ लिटर. रोज! शाळेचे २०० दिवस धरले तर ४०० लिटर पेट्रोल, एक इंचही पुढे न जाता. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे ९२० किलो. त्याबरोबरचा बाकीचा धूर वेगळाच. आणि गाडीचा सायलेन्सर आपल्या गुडघ्याखाली असला तरी पहिलीच्या मुलाच्या नाकापासून तो फार लांब नसतो.

हा हिशोब मुलांकडून करवून घ्या आणि त्यांच्याच अक्षरात एका कार्डशीटवर लिहून फाटकाला लावा. आपण शिक्षकांनी सूचना केली की पालक 'हो मॅडम' म्हणतात आणि इंजिन चालूच राहतं. पण स्वतःच्या मुलीने काचेवर टकटक करून '१० मिनिटं म्हणजे १०० मिलिलिटर, बाबा' असं म्हटलं, तर चावी फिरतेच.

पालकहो, या महिन्यात टाकी फुल कराल तेव्हा पावती फेकू नका, मुलाच्या हातात द्या. शिक्षकांनो, चार नोंदी झाल्या की निबंधाचा तास घ्या. विषय तोच ठेवा, इंधन बचत. फक्त पहिलं वाक्य मुलाच्या डायरीतलं असू द्या.