औषध विरघळले तरच गुण येतो

गोळी पोटात गेली की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. पण गोळीतील औषध विरघळले नाही तर ते रक्तात पोहोचत नाही. पैसा जातो, आजार तसाच राहतो. आज अनेक नवी औषधे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत.

यावरचा एक उपाय म्हणजे स्प्रे ड्रायिंग. दुधाची पावडर याच रीतीने बनते. औषध व पॉलिमर द्रावकात विरघळवून गरम वायूत बारीक फवारतात. थेंब क्षणात सुकतो, त्यामुळे औषधाचे घट्ट स्फटिक बनत नाहीत आणि भुकटी लवकर विरघळते. अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालेले आयव्हाकाफ्टर असेच तयार होते.

मग दुधाचे जुने यंत्र घेऊन या धंद्यात उतरावे काय? आमचे मत स्पष्ट आहे: मुळीच नाही. दुधातून फक्त पाणी उडते. इथे ॲसिटोन, मिथेनॉल यांसारखी पेट घेणारी द्रावके वापरतात. त्यांना हवेऐवजी नायट्रोजन आणि बंदिस्त यंत्रणा लागते. स्वस्तातले यंत्र जिवावर बेतेल.

आमच्या कारागीर बंधूंना वाव आहे तो स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, नळ्या आणि गुळगुळीत वेल्डिंगच्या कामात. औषध दुकानदारांनीही एक ध्यानात ठेवावे. अशा औषधाला ओल लागली की ते पुन्हा स्फटिक बनू शकते आणि त्याचा गुण घटतो. म्हणून कंपनीचे वेष्टन फोडून गोळ्या सुट्या ठेवू नयेत. गिऱ्हाईक आपल्याकडून गोळी नव्हे, गुण विकत घेते.